बेलोन्झींची इस्त्री

“लावलास का हात? मग आता बोल,” एर्सिलिया म्हणाली.

नगराध्यक्ष रेमोने काउंटरवरच्या जुन्या लोखंडी इस्त्रीवरून बोटं फिरवली होतीच. या इस्त्रीच्या दुकानात येणारा जो तो आधी तेच करी. एर्सिलियाचं आडनाव बेलोन्झी. तिचे खापरपणजोबा ओताविओ बेलोन्झी यांनी इथल्या थिएटरसाठी एक ऑपेरा रचला; त्याच्याच पायी तिथलं झुंबर कोसळलं आणि नायकाचा आवाज बसला असं गावाने धरलं, आणि तेव्हापासून हे आडनाव अपशकुनी ठरलं. कानावर पडलं की अपशकुन टळावा म्हणून माणूस झटकन हात लावायला लोखंड शोधी. गिऱ्हाइकांनी किल्ल्या चाचपत बसायला नको, म्हणून तिनेच आजीची कोळशाची इस्त्री पुढ्यात मांडली होती. चाळीस वर्षं बोटं फिरून ती नुसती लखलखत होती. दुकानाच्या पाटीवर मात्र नाव नव्हतं. शाळेत मास्तरसुद्धा हजेरीला बाकीच्यांची नावं घेत आणि हिला म्हणत ‘सतरा नंबर’. रेमो तिच्याच वर्गातला.

“पाचला थिएटरात पुस्तकाचा समारंभ आहे, सूट कडक कर,” तो म्हणाला. “आणि हे बघ, भाषणात ‘आपल्या गावचे थोर संगीतकार’ एवढंच म्हटलं तर नाही का चालणार?”

“नाही चालणार! त्या प्राध्यापक बाईंनी नऊ वर्षं खपून खापरपणजोबांचं चरित्र लिहिलंय. तूच नाव गिळलंस तर पुस्तक काय चुलीत घालायचं?”

“अगं, निवडणूक तोंडावर आलीय! झुंबर पडलं तर?”

“पडलं तर तुझ्यावर पडेल. मी पहिल्या रांगेत आहे, मजा बघायला.”

बोलली आणि तिने त्याची पँट टेबलावर पसरली. मरायच्या आधी एकदा तरी गावाने आपलं आडनाव मोठ्यानं घ्यावं, एवढीच तिची इच्छा होती. इस्त्री फिरवताना खिशातलं काहीतरी हाताला टोचलं. घोड्याच्या नालेचा खिळा, अपशकुनावरचा त्याचा उतारा! तिने तो क्षणभर हातात धरला आणि गुपचूप आपल्या पर्समध्ये टाकला.

थिएटरात ती जन्मात पहिल्यांदा पाऊल टाकत होती. तिला कधी कुणी अडवलं नव्हतं. ती खिडकीशी गेली की तिकिटं संपलेली असत, इतकंच.

प्राध्यापक बाई फटकळ होत्या. “झुंबर पडलं ते ऑपेराच्या दोन वर्षं आधी,” त्या म्हणाल्या. “आणि पहिल्या प्रयोगात नायकाचा आवाज का बसला? दुपारी ताटभर तळलेली वाम मासळी हाणली होती पठ्ठ्याने! खानावळवालीचं पत्रच आहे माझ्याकडे. आणि खापर फोडलं कुणावर? बेलोन्झींवर!”

सभागृहभर किल्ल्या खुळखुळल्या. मग एका मुलीने त्या ऑपेरातलं एक गाणं म्हटलं, आणि खुळखुळ थांबली. एर्सिलियाला रडूच फुटलं. इतकं गोड गाणं, आणि आपल्या घरात कुणी कधी गुणगुणलंसुद्धा नाही!

रेमो माइकपुढे आला. हात खिशात गेला. मग दुसऱ्या खिशात. मग कोटाच्या. त्याचा चेहरा पडला. तेवढ्यात पहिल्या रांगेत एर्सिलियाने खिळा वर धरून दाखवला.

“अगं सतरा नंबर, माझा खिळा!” तो माइकवरच ओरडला.

हशा उसळला.

“नाव घे, मग देते,” एर्सिलिया म्हणाली.

रेमोने डोळे गच्च मिटले. “ओताविओ बेलोन्झी!”

सगळ्यांच्या माना वर गेल्या. झुंबर ढिम्म हललं नाही.

“परत घ्या, परत!” वरच्या सज्जातून कुणीतरी ओरडलं. रेमोने परत घेतलं, या खेपेला डोळे उघडे ठेवून. तिसऱ्या वेळी अख्खं थिएटर त्याच्याबरोबर ओरडत होतं, आणि एर्सिलिया हसत होती, रडत होती, दोन्ही एकदम.

पाटीवर नाव आलं. लोक येत, कपडे टाकत, “काय बेलोन्झीबाई, बरंय ना?” म्हणत आणि जात. नदीकाठचं दमट गाव. नाताळपर्यंत काउंटरवरच्या इस्त्रीवर तांबूस गंज चढला.

“अगं, पूस की जरा,” रेमो म्हणाला.

“राहू दे रे,” एर्सिलिया म्हणाली. “किती छान दिसतोय.”