टर्बोवरचं मीठ

तुर्भ्याला सिताराम शेठच्या गॅरेजात ती लाल गाडी आली, तेव्हाच शेठनं कानावर हात ठेवले होते. आपण ट्रक आणि फियाट बघणारी माणसं, ही दोन दारांची विलायती बया आपल्याला झेपायची नाही, आल्या पावली परत पाठव, असं त्यानं रोहिदासला बजावलं होतं. पण रोहिदास पडला गाडीवेडा. त्यानं बॉनेट उचललं, आत इंजिनाच्या कुशीला चिकटलेला, त्यात जादा हवा कोंबणारा टर्बो बघितला, आणि शेठ ऐकत असताना मालकाला सांगून मोकळा झाला की मी करतो. झालं! आता निस्तरायचं त्यानंच.

मालक प्रधानसाहेब, राहायला वाशीला, जहाजावर चीफ इंजिनिअर. गाडी त्यांनी परदेशातून जुनीच आणलेली. टर्बोच्या धगीनं आतलं रबर पार ठिसूळ होऊन गेलेलं, बोटानं दाबलं की भेग पडायची. वाशीच्या पुलावर गाडीनं पहिल्यांदा वाफ सोडली. रोहिदासनं रेडिएटरचे वरचे-खालचे दोन्ही होज, म्हणजे पाण्याच्या रबरी नळ्या, बदलले, क्लिपा नव्या घातल्या. साहेब खूश होऊन गाडी घेऊन गेले आणि आठवड्याच्या आत बेलापूरला पुन्हा रस्त्याच्या कडेला उभे राहिले, वाफेच्या ढगात.

तिथून रोहिदासची झोप उडाली. पाणी तर कमी होत होतं, पण जात कुठं होतं? फेरी मारून आला की तांब्याभर पाणी गायब, आणि गाडीखाली अंथरलेला पेपर कोरडा ठणठणीत. थंड इंजिनावर पंपानं हवा भरून बघितली, थेंब नाही. शेठनं निकाल देऊन टाकला, इंजिनाच्या माथ्यावरचं हेड गेलं, पाणी आत जातंय, हेड खोल. खोल म्हणायला काय जातंय! हेडचं पॅकिंग साऱ्या मुलखात मिळायचं नाही, म्हणजे खोललेली गाडी तशीच उघडी पडून सडणार. रोहिदासचं मन घेत नव्हतं. ऑइल स्वच्छ होतं, दुधाळ झालेलं नव्हतं. धूरही पांढरा नव्हता.

साहेबांचं जहाज शुक्रवारी सुटणार होतं. त्यांनी शांतपणे सांगितलं होतं, गुरुवारी संध्याकाळी येतो. होत असेल तर ठीक, नाहीतर गाडी भंगारवाल्याला देऊन मोकळा होतो, आठ महिने कुणाच्या जिवावर ठेवू? रोहिदासला ते शब्द लागले. गाडी आणखी एकदा तापली तर हेड वाकणार हे त्याला ठाऊक होतं, आणि हेडबरोबर त्याचं नावही. मोठ्या तोंडानं घेतलेली गाडी ह्यानं भंगारात घालवली, एवढंच सगळ्या तुर्भ्याच्या लक्षात राहिलं असतं. पुन्हा त्याच्या हाती कोण बॉनेट देणार होतं?

गुरुवारी दुपारी त्याची आई, बायजाबाई, डबा घेऊन आली. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. रोज ती डबा देऊन लगेच फिरायची, पण त्या दिवशी लेकाचा चेहरा बघून बाकावर बसली. म्हातारीची निम्मी हयात सानपाड्याच्या मिठागरात गेलेली. मिठागरं सरकारात जमा झाली, त्यावर भराव पडला, सेक्टरांचे नंबर पडले. म्हातारीचे पाय मात्र अजून चिखल तुडवल्यासारखेच पडायचे.

रोहिदास नुकताच फेरी मारून आला होता. तो भाकरी खाईना, म्हणून ती उठून त्याच्यामागं बॉनेटपाशी आली. त्यानं तिला सांगून टाकलं, पाणी जातंय आणि दिसत नाही. सांगून काय उपयोग, असं त्याला वाटलं, पण कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. म्हातारी पदर सावरून आत वाकली. डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिली, मग टर्बोच्या खालच्या अंगाला, लोखंडाच्या काळ्या पाठीवर बोट दाखवलं. तिथं नखाएवढा पांढरा ओघळ होता. रोहिदासनं तो दहादा बघितला होता आणि राख समजून सोडून दिला होता.

त्यानं स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं कण काढला. म्हातारीनं तो तळहातावर घेऊन जिभेला लावला.

"मीठ हाय," ती म्हणाली. "मिठागरात बांध कुठं झिरपतो त्ये पान्यावरनं कलत नाय रं, पानी वाऱ्यानं उडून जातं. मीठ मागं ऱ्हातं. पांढरी रेघ जिथं, तिथं भोक."

रोहिदास आडवा होऊन गाडीखाली शिरला. टर्बोच्या मागं, हात जेमतेम पोचेल अशा बेचक्यात, चार बोटं लांबीचा एक वाकडा होज होता. आरशाच्या तुकड्यात बघितलं तर त्याच्या पोटाला केसाएवढी चीर. इंजिन गार असलं की मिटायची, तापलं की उघडायची, आणि थेंब लालबुंद टर्बोवर पडून चर्रकन नाहीसा व्हायचा. खाली येणार काय, कप्पाळ! हेड शाबूत होतं. रोहिदासला इतकं हलकं वाटलं की तो तसाच पाठीवर पडून हसत राहिला.

मग त्याचं हसू थांबलं. पाण्यात मीठ आलं कुठून?

आलं त्याच्याच हातनं. बेलापूरच्या तापण्यानंतर साहेबांचं इंजिन गार ठेवणारं हिरवं कूलंट संपलं होतं, गॅरेजचा नळ दोन दिवस कोरडा होता. त्यानं गावच्या विहिरीचे दोन डबे आणून ओतले होते. साहेबांनी बजावलं होतं, कूलंट नसेल तर डिस्टिल्ड पाण्याशिवाय काही घालायचं नाही. पण त्या विहिरीवर रोहिदासचं सगळं खानदान वाढलेलं. ते पाणी जरासं मचूळ लागतं हे पाहुण्यांनी सांगितलं तरच गावाच्या लक्षात यायचं. माणसाला चालतं ते गाडीला का नाही चालणार, एवढासुद्धा विचार त्यानं केला नव्हता.

शेठनं हे ऐकलं आणि आवाज खाली आणला. होज बदल, पाणी धुऊन काढ, ओघळ पूस, आणि गप्प बस. साहेब उद्या समुद्रात, कुणाला कळतंय? खोटं नव्हतं ते. रोहिदासनं ट्रकच्या हीटरच्या जाड होजमधून तसाच वाकडा तुकडा कापला, वरून धग अडवायला अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळली, दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या. इंजिन चार वेळा गोड्या पाण्यानं खळखळून धुतलं, मग औषधाच्या दुकानातून आणलेलं डिस्टिल्ड भरलं. फक्त तो पांढरा ओघळ त्यानं पुसला नाही. का नाही, हे त्याला तेव्हा सांगता आलं नसतं.

पाच वाजता साहेब आले. दोघं पनवेलच्या दिशेनं गेले, टर्बो शिट्टी घालेपर्यंत साहेबांनी गाडी दामटली. तापमानाचा काटा मधोमध बसला तो हललाच नाही. परत आल्यावर साहेबांनी विचारलं, सापडलं कसं?

रोहिदासनं बॉनेट उघडलं, ओघळ दाखवला, आणि सगळं सांगितलं. विहीर, दोन डबे, आई. शेठ लांबूनच कपाळाला हात लावून बघत होता.

साहेब बॉनेटमध्ये वाकले. मग बोट ओलं करून ओघळाला लावलं आणि चाखलं.

"जहाजावर आम्ही असंच शोधतो," ते म्हणाले. "वीस वर्षं चाखतोय. आणि घरच्या गाडीत नाही सुचलं मला." मग त्यांचा सूर बदलला. "सांगितलं नसतंस तर कळलं नसतं. पुन्हा खारं पाणी घालू नकोस."

आणि किल्ली त्यांनी खिशात घातली नाही. रोहिदासच्या तेलकट हातावर ठेवली. आठ महिने दर रविवारी गाडी चालवायची, इंजिन पडून राहता कामा नये, आणि पहिली फेरी आईला, एवढं सांगून ते रिक्षा बघायला रस्त्यावर गेले. रोहिदासचे डोळे भरून आले. शेठला दिसू नये म्हणून तो पुन्हा बॉनेटमध्ये वाकला.

रविवारी सकाळी बायजाबाई नवं लुगडं नेसून त्या खोल सीटवर बसली, म्हणजे जवळजवळ आडवीच झाली. सानपाड्याच्या भरावावरून, जिथं तिनं निम्मी हयात मीठ ओढलं, तिथून गाडी सुसाट निघाली. ती घाबरली नाही, फक्त मधूनमधून काटा कुठं आहे ते विचारत राहिली. मधी आहे, असं तो सांगायचा. भरावाच्या टोकाला तिनं गाडी थांबवायला लावली, उतरली, आणि बॉनेट उघडायला सांगितलं. पदर सावरून आत वाकली. बराच वेळ बघितलं.

"बांध पक्का हाय," ती म्हणाली, आणि पुन्हा आत जाऊन बसली.