धामणगव्हाणची वाट

मित्रांनो, मी एक जुना वाटाड्या आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत. तळहाताएवढा पडदा, एक वायर आणि मोटारीच्या पुढच्या काचेला चिकटण्यासाठी रबराची वाटी, एवढाच माझा संसार. सध्या माझा मुक्काम वडीगोद्रीच्या एका दुकानात, नटबोल्ट आणि जळक्या फ्यूजांनी भरलेल्या खणात आहे. पण एके काळी माझ्या शब्दावर गाडी वळत असे, बरं का.

माझा जन्म परदेशातल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथून मी खोक्यात बसून आलो. मग कुणीतरी माझ्यात साऱ्या देशाचा नकाशा भरला. आभाळात फिरणारे उपग्रह मला मी कुठे आहे ते सांगत आणि मी त्यावरून पुढची वळणं सांगत असे. माझा आवाज बाईचा होता आणि भाषा हिंदी. मराठी मला कुणी शिकवली नाही, त्यामुळे आपल्याकडच्या गावांची नावं माझ्या तोंडी जरा वाकडीतिकडी होत. तरी माझा रुबाब काही कमी नव्हता. चुकणं म्हणजे काय, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं.

दोन हजार नऊ सालच्या उन्हाळ्यात धर्मराजने मला औरंगाबादहून विकत आणलं. वडीगोद्रीला हमरस्त्यावर त्याचं पंप-मोटारींचं दुकान होतं, आणि नुकतीच त्याने एक जुनी पांढरी गाडी घेतली होती. मला काचेवर चिकटवून त्याने आख्ख्या बाजाराला दाखवलं. चहा पिणारे लोक माझ्याभोवती गोळा झाले. कुणी मला विचारलं, "आमच्या सासुरवाडीचा रस्ता सांग." मी सांगितला. तेव्हा झालेलं कौतुक आठवलं की आजही या खणात मला उबदार वाटतं.

धर्मराजची आई चतुराबाई. साठी ओलांडलेली, कपाळावर मोठं कुंकू, बोलणं रोखठोक. ती ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली असताना धर्मराज म्हणाला, "माय, कोणत्याबी गावाचं नाव घे. वरून उपग्रह बघतो अन् ही बाई रस्ता सांगते."

चतुराबाईने सूप खाली ठेवलं. "धामणगव्हाण," ती म्हणाली.

धर्मराज जरा घुटमळला. ते तिचं माहेर होतं. काही वर्षांपूर्वी नदीवर धरण झालं आणि ते गाव पाण्यात गेलं. लोकांना दूर माळावर नवी घरं मिळाली. त्या वस्तीला सगळे नुसतंच 'पुनर्वसन' म्हणत. चतुराबाईचा धाकटा भाऊ भुजंग तिथेच राहायला गेला होता. आधी तो दर पंचमीला आणि दिवाळीला बहिणीला न्यायला येत असे. घर बदललं आणि त्याचं येणं बंद झालं. भांडण नाही, तंटा नाही. नुसता आलाच नाही. आणि मूळ आल्याशिवाय, म्हणजे माहेरचं कुणी न्यायला आल्याशिवाय, आपल्या पायाने माहेरी जायचं नाही, हा चतुराबाईचा हेका होता. प्रत्येक पंचमीला ती नवं लुगडं नेसून सकाळपासून ओसरीवर बसायची आणि दिवेलागणीला ते घडी करून ठेवायची. हे मला पुढे घरातल्या बोलण्यातून कळलं.

धर्मराजने नाव घातलं. मी लगेच रस्ता आखून दिला. आष्टीच्या पुढून डावीकडे, नदीच्या बाजूने, थेट गावाच्या पारापर्यंत. माझ्या पडद्यावर गल्ल्यासुद्धा दिसत होत्या.

चतुराबाई वाकून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "वरून दिसून राह्यलं म्हणजे गाव हाये की रे. उन्हाळ्याचं पाणी आटलं असंल."

"माय, नकाशा जुना असंल," धर्मराज म्हणाला.

"मंग ही बाई खोटं बोलून राह्यली का?" तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "भुजंगाच्या दारात न्हाई जायाचं मला. गावात जायाचंय. गावाला थोडंच मूळ लागतं?"

धर्मराजने मान डोलावली. मला वाटतं, त्यालाही नवं यंत्र लांबच्या रस्त्यावर वापरून बघायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. चतुराबाईने दशम्या बांधून घेतल्या होत्या. माहेरी रिकाम्या हाताने जात नाहीत ना. रस्ताभर ती बोलत होती. नदीचा घाट असा होता, चिंचा अशा होत्या, भुजंग लहानपणी घाटावरून उडी मारायला भ्यायचा आणि ती त्याला ढकलून द्यायची. मी मधूनमधून "आगे से बाएँ मुड़ें" म्हटलं की ती गप्प होऊन मान हलवायची. "बराबर," म्हणायची. मित्रांनो, इतक्या विश्वासाने माझं बोलणं पुढे कुणीच ऐकलं नाही.

आष्टी मागे पडली. डांबरी रस्ता संपून कच्चा लागला, आणि एका उतारावर धर्मराजने गाडी थांबवली. समोर रस्ता सरळ पाण्यात शिरला होता. काचेला चिकटलेला असल्यामुळे मला सगळं दिसत होतं. लांबच लांब पाणी, कडेला भेगाळलेला गाळ, त्यात टरबुजांचे वेल. पण माझ्या नकाशात तिथे गाव होतं. मला जे शिकवलं तेच मी बोललो. "सीधे चलें."

चतुराबाई उतरली आणि पाण्याच्या कडेपर्यंत चालत गेली. दशम्यांचं गाठोडं तिने पोटाशी धरलं होतं.

"कुठंय रे धर्मा?"

"पाण्याखाली, माय."

 माझा आवाज मात्र चालूच होता. आज वाटतं, त्या वेळी कुणी माझी वायर ओढली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात गाळातून एक म्हातारा माणूस येताना दिसला. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की बुडालेल्या जमिनीचे मालक त्या गाळात पेरतात. हा माणूसही आपल्या जुन्या रानात टरबुजं राखत होता. जवळ आला आणि जागीच उभा राहिला. तो भुजंग होता.

"आक्का," तो म्हणाला. "तू इथं कशी?"

"गाव बघाया आल्ते. तू न्यायला येत न्हाईस, मंग काय करू?"

भुजंगने डोक्यावरचं उपरणं काढून हातात धरलं. "कुठं नेऊ तुला? पत्र्याच्या दोन खोल्या हायेत. ना पार, ना घाट. वर पत्रा तापतो, खाली फरशी. माहेर म्हणून काय दाखवू? दर पंचमीला एसटीच्या थांब्यावर जातो अन् माघारी येतो."

धर्मराज दुसरीकडे बघू लागला. चतुराबाईचे डोळे भरले होते, पण आवाज रागाचा होता.

"येड्या, मी काय घाट बघाया येत होते? तू येतोस का म्हणून रस्ता बघत बसायचे. इतकी वर्सं बसले."

 भुजंग पाण्याकडे गेला. गाळाने भरलेले हातपाय धुतले, तोंड धुतलं. उपरणं झटकून पुन्हा डोक्याला बांधलं. मग नव्याने, जणू आत्ताच दारात आलोय असा बहिणीपुढे येऊन उभा राहिला.

"आक्का, तुझ्या भावजयीनं, साळूबाईनं, निरोप दिलाय. मी तुला न्यायला आलोय. चल."

चतुराबाईने पदराने तोंड पुसलं. "धर्माला विचार," ती म्हणाली. मुळाला आलेल्या भावाने सासरच्या माणसाला विचारायचं असतं.

भुजंगने धर्मराजला विचारलं, "नेऊ का तुझ्या मायला?"

"न्या की मामा," धर्मराज म्हणाला. 

भुजंग पुढच्या सीटवर बसला, अगदी माझ्यासमोर. गाडी वळली आणि माळाच्या वाटेला लागली. मी आपलं बजावत होतो, मागे फिरा, मागे फिरा. माझ्या पडद्यावर तिथे रस्ताच नव्हता. आमची गाडी नुसत्या कोऱ्या जागेतून चालली होती. "इथून उजवीकडं घे," भुजंग म्हणाला. मागून चतुराबाई म्हणाली, "ह्या बाईला चूप कर रे जरा." धर्मराजने माझा आवाज बंद केला. त्या रात्री मी पत्र्याच्या घरासमोर गाडीत होतो. आतून भावा-बहिणीचं हसणं ऐकू येत होतं. मला आत जावंसं फार वाटलं.

त्यानंतर भुजंग दर पंचमीला एसटीने येऊ लागला. दारात गाडी उभी असताना चतुराबाई त्याच्याबरोबर एसटीने जायची. माझी काही गरज उरली नाही. पुढे मोबाईलच रस्ते सांगू लागले आणि एके दिवशी धर्मराजने मला काचेवरून काढून या खणात टाकलं. माझी रबराची वाटी कडक झाली आहे. पडद्यावर धूळ आहे. कधी दुकानाबाहेर गाडी थांबली की अजून मला वाटतं, कुणीतरी मला हाक मारेल, एखादं नाव घालेल.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना असं विसरू नका, हे तर मी म्हणेनच. एकदा पुसून, वायर लावून बघा. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमची एखादी आत्या, एखादी थोरली बहीण सणाच्या दिवशी दाराकडे बघत बसत असेल. तिला रस्ता ठाऊक असतो. हल्ली दारात गाडीही असते. तरी तुम्ही स्वतः जा, तिच्यासमोर उभे राहा आणि म्हणा, "मी तुला न्यायला आलोय, चल." मला देशातली सारी वळणं बोलता येत होती, पण एवढं एक वाक्य माझ्यात कुणी भरलंच नव्हतं.