वेन्नेला म्हणजे

जन्मपत्रिकेवर हळदीचं बोट उमटलं होतं, नेमकं तिथीच्या ओळीवर. वेन्नेलानं ते ओढणीनं पुसलं आणि खालचं अक्षर वाचलं... अमावास्या.

तारीख तिचीच होती. मग पुनव...? वेन्नेला म्हणजे चांदणं, तेलुगूत — बेला गावच्या शाळेत, आदिलाबादच्या कॉलेजात, परवा तिला पाहायला आलेल्या किनवटच्या पाहुण्यांपुढेही, मराठी घरात हे नाव कसं असं जो विचारी त्याला ती वडिलांचीच गोष्ट सांगे : मी झाले तेव्हा पुनव होती, दवाखान्याच्या आवारात टिपूर चांदणं पडलं होतं... वडील, उद्धवराव, ती इतकी रंगवून सांगत की तिला ते चांदणं चक्क आठवायचं.

उद्धवराव मळ्यात गेले होते. ओसरीवर आई, विमलबाई, बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होती.

“माय, मी झाली तवा पुनव होती न?”

“तुह्या बापानं सांगतलं न.”

“यात तं अवस लिवली आहे.”

विमलबाईचा हात थांबला. सुतळी बोटाभोवती तशीच राहिली.

“बाजूच्या खाटेवर होती एक,” ती म्हणाली. “तेलंगी. वेन्नेला नाव. तिचं लेकरू गेलतं. मी तापानं फणफणलेली, अंगावर दूध नाही. अकरा दिवस तिनं पाजलं तुले.”

“मंग मले काऊन नाही सांगतलं?”

“माह्याजवळ आणली का रडायची तू. तिच्याजवळ गेली का गप.” बांधलेली जुडी तिनं उगाच सोडली. “तुह्या बापानं तिचंच नाव ठेवलं, मले विचारलंबी नाही. मीच म्हणलं मंग, पोरीले सांगाचं नाही.”

बाई, पोरी, ए माय माही... चोवीस वर्षांत आईनं तिला नावानं हाक मारलीच नव्हती. वेन्नेलाला तो लाड वाटत आला होता.

गाव कोणतं होतं तिचं? — प्रश्न जिभेवर आला. पन्नाशीची असेल आता. आदिलाबादच्या बाजारात कधी शेजारी उभीही राहिली असेल, आपण धक्का देऊन पुढे गेलो असू... विमलबाई मान वर करून तिच्याकडे पाहत होती, तोंडून काय निघतं त्याची वाट पाहत.

वेन्नेलानं ओठ मिटले. प्रश्न मात्र गेला नाही. आणि आईच्या इतक्या जवळ बसून आपण तिच्यापासून काहीतरी चोरून ठेवलं आहे, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटू लागलं.