चमच्याला झालेला कॅन्सर

हिंगणीच्या बाजारामागच्या मांडवात त्या रविवारी उभं राहायला जागा नव्हती. बोर धरणाकडच्या खेड्यांतून बाया सकाळपासूनच आल्या होत्या. गादीवर हरिदास महाराज बसले होते आणि पुढ्यात पांढरा वाडगा होता. वाडग्यात फिकट पिवळं पाणी. ते वनदेवीचं, असं महाराजांचं म्हणणं.

भागाबाईचा नंबर लागला. तिच्या छातीत गाठ होती. सेवाग्रामच्या दवाखान्यात तपासणी झाली, कॅन्सर निघाला आणि ऑपरेशनची तारीखही मिळाली. पण तिचा नवरा तानबा सुरीला भ्याला आणि तिला इकडे घेऊन आला.

महाराजांनी तिची बोटं ओली केली, त्यांवर चिमूटभर भस्म ठेवलं. "बुडव, माय."

बोटं बुडाली आणि पाणी शाईसारखं काळंकुट्ट झालं. मांडवातून एकच "आई वं!" उठलं.

"पाह्यलं?" महाराज गरजले. "हा विखार! मशिनीले कधी दिसला असता काय? सुरी लावली का हा अंगभर पसरते. माहा काढा पी, विखार जाते, गाठ लोण्यावानी वितळते. या जिजाबाईले इचारा. तिचंबी पाणी असंच काळं होतं, आता बरी हाये."

जिजाबाई पुढच्याच रांगेत बसली होती. महाराजांनी बाजूच्या घागरीतून वाडग्यात नवं पाणी घेतलं, तिचीही भस्म लावलेली बोटं बुडवून घेतली, पाणी काळं झालं. "हा तिचा जुना विखार, आता पाहा कसा गेला!" म्हणत त्यांनी वरून तीर्थ ओतलं. काळं पाणी बघता बघता निवळलं. लोकांनी हात जोडले.

"अन् हे मी एकटाच नाई म्हणून राह्यलो," महाराजांनी मोबाईल उंच धरला. "विज्ञान म्हणते! या भागाबाईची भाची, मयुरी. वर्ध्याच्या कॉलेजात तिनं हिरड्याच्या अर्कानं कॅन्सरच्या पेशी मारल्या. पेपरात छापून आलं. माह्या काढ्यात तोच हिरडा हाये!"

मयुरी मागेच उभी होती. आत्याला दवाखान्यात न्यायला आली होती ती. आपलंच नाव ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. गर्दीतून वाट काढत ती थेट गादीपुढे आली.

"ती मयुरी मीच, महाराज."

महाराज क्षणभर गडबडले, पण मुरलेला गडी! "या, या! सरस्वती आली! सांग लोकाइले, पेशी मेल्या का नाई मेल्या?"

"मेल्या," मयुरी म्हणाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो थांबेपर्यंत ती थांबली.

"बशीत मेल्या. प्लास्टिकच्या बशीत पेशी वाढवतो आमी, त्याच्यावर अर्क टाकतो. त्या बशीत मीठ जास्त झालं तरी पेशी मरतात. मंग मीठ खाऊन कॅन्सर बरा होते काय? हिरड्यात जे तुरट असते ना, त्याले पॉलिफेनॉल म्हणतात. ते पोटात गेलं का बरंचसं तिथंच बदलून जाते. गाठीपर्यंत फार थोडं पोचते. म्हणून तर त्याच्यात फेरफार करून नवे पदार्थ बनवतो, तपासून पाहतो. माणसाले द्यायचं औषध अजून झालंच नाई. ते माहं काम हाये, महाराज. त्याचा तुमी धंदा करून राह्यले!"

"शिकलेल्या पोरीले देव दिसत नाई," महाराज हसले.

तानबाही पुढे आला. "मंग पाणी काळं काऊन झालं, मयुरे? सगळ्याइनं डोळ्यानं पाह्यलं."

मयुरीने चहाच्या टपरीवरून एक चमचा मागवला आणि भस्माच्या डबीकडे हात केला. महाराजांनी डबी छातीशी धरली. "भस्म बाटवतं काय?"

"माह्याजवळ हाये," भागाबाई बोलली. महाराजांनी आताच घरी लावायला दिलेली पुडी तिने पदराच्या गाठीतून सोडली.

मयुरीने महाराजांच्याच घागरीतलं पिवळं पाणी दुसऱ्या वाडग्यात ओतलं, चमच्यावर पुडीतलं भस्म घेतलं आणि ढवळलं. पाणी काळं झालं.

"तानबामामा, या चमच्यालेबी कॅन्सर झाला काय?"

कोणीतरी फिस्सकन हसलं.

"हे पिवळं पाणी हिरड्याचं, अन् हे भस्म म्हणजे हिराकस. लोखंडाचा क्षार. हिरड्याच्या पाण्यात लोखंड पडलं का ते काळं होते. जुन्या काळी याचीच शाई करत. अन् तीर्थ?" तिने बाजारातून दोन लिंबं आणवली आणि पिळली. काळं पाणी पुन्हा पिवळं झालं. "लिंबाच्या आंबटानं लोखंड सुटते, रंग जाते. विखार आला नाई, गेलाबी नाई."

"खोटं!" महाराज ओरडले. "जिजाबाई बरी झाली का नाई? सांग, बाई!"

मयुरी जिजाबाईजवळ खाली बसली. "काकी, गाठ गेली काय?"

 जिजाबाई छातीवरचा पदर घट्ट ओढत म्हणाली, "वाढली. आता खांदाबी दुखते. पण महाराजानं सांगितलं होतं, बोललीस तर गुण जाते."



भागाबाई उठली. उरलेलं भस्म तिने महाराजांच्या गादीवर झटकलं. "माह्या छातीत गाठ हाये, डोक्यात नाई! चाल वं जिजा, माह्यासंगं सेवाग्रामले चाल." तानबा काही बोलायला गेला, तशी ती वळली. "तुमी यायचं असन तर या. मले इचारू नोका."

महाराज त्याच संध्याकाळी गाव सोडत होते. बायांनी रस्ता अडवला आणि सेलूच्या पोलीस ठाण्यात तक्रार दिली. भागाबाईचं ऑपरेशन झालं, पुढचे उपचार चालू आहेत. जिजाबाईचा आजार काखेतल्या गाठींपर्यंत पोचला होता. तिची लढाई अवघड आहे. काढ्यापायी वाया गेलेले महिने कोणतंच तीर्थ परत देणार नाही.

झाडपाल्यात काही नसतं, असं कोणी म्हणत नाही. दवाखान्यातलं कॅन्सरचं एक औषधही मुळात झाडाच्या सालीतूनच निघालं आहे. पण ते मोजून, तपासून, चुका दुरुस्त करत माणसांपर्यंत आलं. तेव्हा कोणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी विचारा: यात काय घातलं? दुसऱ्या कोणी केलं तरी असंच होतं का? आणि बरा झालेला माणूस कुठे आहे, त्याला आमच्यासमोर बोलू द्या. विचारल्याने खरं औषध बाटत नाही. बाटतं ते ढोंग.