भुऱ्याला सुई दिली नव्हती

सोनाळ्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी महादेवरावांची वांग्यांची वाडी आहे. त्या वाडीवरच्या भुऱ्याइतकं लाडावलेलं कुत्रं पंचक्रोशीत नव्हतं. महादेवरावांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई त्याच्यासाठी वेगळी भाकर थापायच्या, ती ताकात कुस्करायच्या, जंताची गोळी गुळात लपवून चारायच्या. उन्हात बसून त्याच्या कानातले गोचीड एकेक करून ओढायच्या आणि रॉकेलच्या डबीत टाकायच्या. कोंबडीचं हाड तर त्याच्या दाताला लागू द्यायच्या नाहीत, घशात अडकेल म्हणून. स्वतःच्या गुडघ्याला तेल लावायचा कंटाळा, पण कुत्र्याची सेवा साग्रसंगीत.

एवढं सगळं केलं, फक्त पिसाळू नये म्हणून द्यायची सुई तेवढी राहिली. संग्रामपूरला शिबिर लागलं तेव्हा महादेवरावांनी त्याला नेऊच दिलं नाही. सुई टोचली की कुत्रं मवाळ होतं, मग रानडुकरांवर भुंकायला मी जाऊ का, असं त्यांचं म्हणणं. खरी गोष्ट अशी की सुईला भ्यायचे ते महादेवरावच. रानडुकरामागे काठी घेऊन धावणारा हा गडी दवाखान्याच्या पायरीवर घाम पुसत बसायचा. भीती आपली, आणि सूट मात्र कुत्र्याला.

हिवाळ्यात एका कोल्ह्याशी झटापट होऊन भुऱ्याचा कान फाटला. बाईंनी हळद भरली, जखम सुकली, आणि ती गोष्ट दोघंही विसरून गेले.

होळी झाली आणि भुऱ्या बदलला. भर दुपारी गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसू लागला. रिकाम्या गव्हाणीकडे टक लावून बघायचा, मध्येच हवेत चावा घ्यायचा. तिथे कोणी नसायचं. भुंकला तर तो आवाज त्याचा नव्हता. माठात तोंड घालून कोणी हाक मारावी तसा घोगरा, लांबत जाणारा. ते ऐकून म्हशींनी चाऱ्यातून तोंड काढलं. त्याचा जबडा लोंबत होता, लाळ गळत होती, आणि पाण्याचं घमेलं पुढे सरकवलं की तो मागे मागे सरत भिंतीला जाऊन टेकायचा. त्या पाण्यात काय आहे ते बघायला बाई स्वतः वाकल्या. नुसतं पाणी होतं.

शेजारच्या वाडीवरच्या बनाबाई म्हणाल्या, त्याला काहीतरी दिसतंय, जवळ जाऊ नका. पण अन्नपूर्णाबाईंच्या मनाने एकच घेतलं: नक्की हाड अडकलंय. महादेवरावांनी दोन्ही हातांनी जबडा फाकवून धरला आणि बाईंनी मनगटापर्यंत हात आत घातला. हाड नव्हतंच. आत नुसती ऊब होती, आणि घसा थरथरत होता. हात बाहेर काढताना दात मनगटाला लागला. संध्याकाळी भुऱ्या नाल्याकडे चालत गेला आणि सकाळी कोरड्या नाल्यात मेलेला सापडला. डोळे उघडे होते, वाडीकडे लागलेले.

बाई लेकरू गेल्यासारख्या रडल्या. बनाबाईंनी त्यांच्या मनगटावर लाल तिखट दाबलं आणि जुना रिवाज सांगितला. कुत्रं चावलेल्याने दिवस मावळायच्या आत सात विहिरींत डोकवायचं. आपलं तोंड दिसलं तर भ्यायचं कारण नाही. कुत्रं दिसलं तर, असं म्हणून त्या थांबल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "जे दिसन ते पोटात ठेवजो, बाई. बोलली तं खरं होते."

महादेवराव सोबत निघाले. प्रत्येक विहिरीवर बाईंचा दंड धरून उभे राहायचे आणि थट्टा करायचे, की घरच्या आरशापेक्षा इथे बरी दिसतेस. सहा विहिरी झाल्या. बाईंना आपलंच तोंड दिसत गेलं, आणि त्यांचा जीव हळूहळू खाली बसला.

सातवी विहीर दयारामच्या पडीत वावरातली. कोणी तिचं पाणी उपसत नाही. पाणी खोल, काळं, जराही न हलणारं. बाई वाकल्या. आधी त्यांचं तोंड दिसलं. शेजारी महादेवरावांचं. आणि महादेवरावांच्या खांद्यावर मान टेकवलेला भुऱ्या. फाटका कान, लोंबता जबडा. नजर मात्र रागाची नव्हती, तहानेची होती.

त्यांनी गर्रकन मागे पाहिलं. नवऱ्याच्या मागे वाळलेलं गवत होतं. पुन्हा पाण्यात पाहिलं तर दोनच तोंडं. काय दिसलं, असं महादेवरावांनी विचारलं. माझंच तोंड, असं बाई म्हणाल्या, आणि वाटेत त्यांची नजर नवऱ्याच्या हातांवरून हलेना. काटेरी वांगी तोडून तोडून ते हात ओरबाडलेले होते. त्याच हातांवरून आदल्या दिवशी लाळ कोपरापर्यंत ओघळली होती. पण दात लागला होता बाईंना. ज्याला कुत्रं चावलंच नाही, त्याच्यासाठी रिवाजात एकही विहीर नव्हती.

रात्रभर बाईंनी तोंड दाबून धरलं. सांगावं तर खरं होणार, न सांगावं तर हा माणूस सुई घेणार नाही आणि हातचा जाणार. असला पेच वैऱ्यावरही येऊ नये.

सकाळी बाईंनीच दवाखान्याचा हट्ट धरला. डॉक्टरीणबाईंनी आधी ते तिखट बघून कपाळाला हात लावला, मग नळाखाली साबणाने मनगट खूप वेळ धुवायला लावलं आणि सुया दिल्या. कुत्र्याची लाळ घरात आणखी कोणाला लागली का, असं त्यांनी विचारलं.

"कोणालेच नाही," महादेवराव दारातूनच म्हणाले. त्यांच्या हातात गाडीची किल्ली होती आणि एक पाय पायरीवर पडलाही होता.

अन्नपूर्णाबाई उठल्या.

"सातव्या इहिरीत मले भुऱ्या दिसला," त्या म्हणाल्या. "माह्याजवळ नव्हता तो. तुमच्या खांद्यावर मान ठेवून होता."

महादेवरावांनी पायरीवरचा पाय मागे घेतला. मले तो चावला नाही, असं एकदा पुटपुटले, पण तोवर येऊन बाकावर बसले होते. डॉक्टरीणबाईंनी त्यांचे तळवे उजेडात उलटेपालटे केले. चावायलाच पाहिजे असं नाही, ओरखड्यावर लाळ पडली तरी पुरते, असं त्या म्हणाल्या आणि सुई भरायला वळल्या. महादेवरावांनी आपणहून बाही वर केली. घाम पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

दोघांच्याही सगळ्या सुया वेळेवर झाल्या. आता काही भीती नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आणि त्यांच्या शब्दावर अन्नपूर्णाबाईंचा विश्वास आहे. पण विहिरीतली गोष्ट त्या बोलून बसल्या, ती काही परत पोटात जात नाही. अजून महादेवरावांनी तांब्या उचलला की बाईंचा हात भाकरीवर थांबतो, आणि घोट उतरल्याचा आवाज आला की मगच पुढची थाप पडते.

महादेवराव पितात, रोज पितात. मात्र तांब्या तोंडाला लावण्याआधी ते पाण्यात थोडा वेळ बघतात, मग हळूच मान वळवून आपल्या खांद्याकडे बघतात. तिथे काय आहे, ते बाईंनी अजून विचारलेलं नाही.