नवऱ्याची वाचा

चर्चच्या दारापाशी फळीवर दोन डबे असायचे. डावीकडे विनंत्यांचा, उजवीकडे उपकारस्तुतीचा, म्हणजे मागितलेलं मिळालं की देवाचे आभार मानायचा. चिठ्ठी टाकायची, पाळकसाहेब ती उपासनेत वाचून दाखवायचे. साधा सरळ मामला. पण त्या आठवड्यात झाडलोटवाल्या काकांनी फळी पुसली आणि डबे अदलाबदल करून ठेवले. डब्यांवर ठळक अक्षरं होती हो, पण पाच महिने डावीकडेच चिठ्ठी टाकणारा हात अक्षरं कशाला वाचतोय!

हात होता शिलाईवाल्या मावशींचा. सुरुवातीला त्या पानभर लिहायच्या: नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला, जीव वाचला, पण वाचा गेली, देवा, दया कर. पुढे पुढे नुसतंच ‘नवऱ्याची वाचा’. बाकीचं देवाला एव्हाना पाठ झालं असेल, असं त्यांचं म्हणणं.

“उपकारस्तुती. नवऱ्याची वाचा,” पाळकसाहेबांनी वाचलं, आणि चिठ्ठी उंच धरून सगळ्यांना दाखवली.

मावशींच्या नवऱ्याला सगळे भोंगाकाका म्हणत. भाजीबाजारात ते लिलाव पुकारायचे. आवाज असा की दोन गल्ल्यांपलीकडची कुत्री उठून बसायची. त्या आवाजाला पाच महिने एक शब्द फुटला नव्हता. अख्ख्या चर्चने टाळ्या वाजवल्या.

मावशी उठून सांगणार होत्या, चुकलं म्हणून. तेवढ्यात गायनमंडळ उभं राहिलं. आणि खरं सांगायचं तर पाच महिन्यांत पहिल्यांदाच कुणी त्यांच्याकडे कीव न करता बघत होतं. त्या मेल्या मोहाला त्या बळी पडल्या.

उपासना संपताच पाळकसाहेब, पाळकबाई आणि गायनमंडळातले चौघे केक घेऊन निघालेच. मावशी पुढे. तीन मजले, आणि दर मजल्यावर त्या मनाशी म्हणत होत्या, आता सांगते. दार आलं तरी सांगणं काही झालं नाही.

भोंगाकाका खिडकीपाशी खुर्चीत होते.

“काका, बोला की काहीतरी,” गायनमंडळातला जाड्या म्हणाला.

काकांनी तोंड उघडलं. “अ... अ...” चेहरा लालबुंद झाला. मग त्यांनी मावशींकडे पाहिलं.

“नाही बोलत ते,” त्या म्हणाल्या. “चिठ्ठी चुकीच्या डब्यात पडली. मला तिथंच सांगायला हवं होतं. तुमच्या टाळ्या ऐकल्या आणि माझीच जीभ आखडली.” त्या ओंजळीत तोंड घालून रडल्या.

सगळे केककडे बघत बसले. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, “आपण प्रार्थना करू या.”

“इथं नको,” मावशी म्हणाल्या.

या घरात प्रार्थना सांगायचे ते काकाच, रोज संध्याकाळी, खणखणीत आवाजात. ते पडल्यापासून मावशींनी त्यांच्यासमोर मोठ्याने एक ओळ म्हटली नव्हती. मुक्या माणसाच्या जखमेवर मीठ कशाला चोळा? स्वयंपाकघरात जाऊन त्या मनातल्या मनात उरकायच्या.

पण काकांनीच खुर्चीच्या हातावर थाप मारली. एकदा, दोनदा. मग पाळकसाहेबांनी लहानपणापासून सगळ्यांना पाठ असलेली प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि बाकीचे त्यांच्यासोबत म्हणू लागले.

दुसऱ्या ओळीला आणखी एक आवाज आला. खरखरीत, अर्धा शब्द मागे, पण स्वच्छ. एकेक जण गप्प होत गेला. काका डोळे मिटून एकटेच पुढे गेले, ओळीमागून ओळ, आणि ‘आमेन’ तर असं पुकारलं की खालच्या मजल्यावरचं दार उघडलं.

मावशी काकांच्या पायाशी जाऊन बसल्या. “अहो, आणखी बोला. मला हाक मारा.”

काकांनी जीव तोडून प्रयत्न केला. “अ... अ...”

पाळकबाई पूर्वी नर्स होत्या. त्या मावशींजवळ येऊन बसल्या. “पाठ झालेलं कधी कधी आत शाबूत राहतं, मावशी. कुणीतरी सुरुवात करून द्यावी लागते. बाकीचं येईल, न येईल, मी सांगू शकत नाही.”

“म्हणजे हे आत होतंच,” मावशी म्हणाल्या, “आणि मीच दयेपोटी घरात मुकी झाले.” त्यांनी काकांचा हात गालाला लावला. “देवा, एवढं पुष्कळ आहे. तुझे लाख उपकार. उद्याचं उद्या मागेन.”

पाहुणे गेले. मावशींनी दार लावलं आणि प्रार्थना पुन्हा सुरू केली. खोटं कशाला बोला, देवासाठी कमी, आवाज ऐकण्यासाठीच जास्त. संपली की पुन्हा. चौथ्या आमेननंतर काकांनी मावशींच्या तोंडावर हात ठेवला आणि केककडे बोट दाखवलं.

मावशी हसत हसत सुरी आणायला उठल्या.