विकायचे नसलेले मासे

इकडेतिकडे काय बघताय? जरा वर बघा. मासे उतरवायच्या शेडच्या आढ्याला लोंबकळतोय ना, तो ताणकाटा बोलतोय.

कारखान्यातून निघालो तेव्हा अंगावर लखलखीत निळा रंग होता. आता उरलाय गंज आणि चिकटलेले खवले. वीस वर्षं मी या तळ्याचे मासे तोलतोय. विकणारा वाकून माझा काटा बघतो, घेणारा टाचा उंचावून बघतो, आणि दोघांनाही मी लबाडच वाटतो.

चौकशीचा मला भारी नाद. म्हणून मत्स्य खात्यातली मोजणीबाई तक्ता घेऊन आली, तेव्हा मी नसलेले कान टवकारले. कुठल्या देशातल्या तळ्यात वर्षाला किती किमतीचे मासे निघतात, ते त्यात मांडलं होतं. आमचं तळं अगदी तळाला! एवढ्याशा मासळीसाठी शेड आणि बर्फ परवडत नाही, बंद करा, असा वरून हुकूम होता. शेड बंद म्हणजे चाळीस होड्या बंद.

"या वरच्या ओळीतल्या देशातही एवढंच तळं, एवढ्याच होड्या, मग तिथे दुप्पट कसं?" बाई पुटपुटली. मलाही तेच कोडं पडलं. तिथले काटे काही वेगळे असतात की काय?

बाई दिवसभर माझ्याखाली बसून राहिली. सगळ्यात जुन्या होडीवालीला इथे सगळे आत्या म्हणतात. तिनं नेहमीसारखी एक टोपली बाजूला काढली आणि उरलेले मासे माझ्या आकड्याला लावले.

"आत्या, त्या टोपलीचं काय?"

"ते घरचं. विकायचं नाही, तर मोजायचं कशाला?"

बाईनं तक्त्याखालची बारीक टीप बोट ठेवून वाचली. "अहो, तिकडे तेही मोजतात. बाजारभावानं किंमत लावतात."

"म्हणजे माझ्या नातवंडांच्या ताटातलं मोजणार? उद्या त्यावर कर बसवाल!"

"कर नाही बसणार, आत्या. पण हे मोजलं नाही, तर शेड जाईल."

आत्यानं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि वीस वर्षांत पहिल्यांदा ती टोपली मला लागली. साडेचार किलो! मला स्वतःचीच लाज वाटली. रोज चाळीस टोपल्या माझ्या नाकाखालून जात होत्या, आणि मी मात्र सगळं तळं तोलतो म्हणून मिरवत होतो.

मग महिनाभर प्रत्येक होडीची टोपली तोलली. तक्त्यातली आमची ओळ त्या देशाच्या शेजारी जाऊन बसली. काल पत्र आलं, शेड चालू राहणार.

विजेवरचा नवा काटाही येतोय. माझी स्प्रिंग सैल झालीय, उद्या मला उतरवतील. त्या दुसऱ्या देशातल्या काट्याला भेटून, त्याला हे कुणी सुचवलं ते विचारायचं राहूनच गेलं. नव्या काट्याला मात्र कुणीतरी माझा निरोप द्या. बाबा रे, घरच्या टोपल्या आधी तोलत जा. पोरं जेवायची थांबलेली असतात.